सोमवार ते शुक्रवार नोकरी, शनिवारी बास्केटबॉल

1956 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठाकडून खेळणाऱ्या हॅल लिअरने तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात 48 गुण केले. त्याचा संघ तिसरा आला, तरी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचंच नाव जाहीर झालं. त्याच वर्षी एनबीएतल्या फिलाडेल्फिया वॉरियर्सने त्याला पहिल्या फेरीत निवडलं. एनबीएत तो एकूण तीन सामने खेळला.

त्यानंतर जवळजवळ दशकभर त्याचा खेळ बघायचा असेल तर शनिवारी संध्याकाळी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ईस्टनसारख्या छोट्या शहरातल्या हॉलमध्ये जावं लागे. तिथे त्याच्यासारखे आणखी आठ-दहा जण दोन्ही बाजूंनी दिसत. कुणी सोमवारी सकाळी शाळेत फळ्यासमोर उभा राहणार असे, कुणी कंपनीच्या कार्यालयात. या सगळ्यांना सामावून घेणारी स्पर्धा म्हणजे ईस्टर्न लीग. 1946 ते 1978 अशी बत्तीस वर्षं ती त्या टापूत चालली. एखादी प्रादेशिक अर्धव्यावसायिक लीग नेमकं काय काम करते, तिला पैसा कुठून येतो, खेळाडू कुठून येतात आणि ती कशाने मोडते, हे समजून घ्यायचं तर मला याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही.

अर्धव्यावसायिक म्हणजे अर्धाकच्चा, असा समज आपल्याकडे पटकन होतो. तो आधी बाजूला ठेवायला हवा. इथे अर्धा आहे तो फक्त पोटापाण्याचा हिशेब. खेळाचे पैसे मिळतात, पण त्यावर घर चालत नाही. घर दुसऱ्या नोकरीवर चालतं. खेळाचा दर्जा किती असावा हे या व्याख्येत कुठेच येत नाही, आणि ईस्टर्न लीगमध्ये तो कितीतरी वर्षं एनबीएच्या खालोखाल होता.

लीगची स्थापना 1946 च्या एप्रिलमध्ये झाली. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी, 6 जून 1946 रोजी, न्यूयॉर्कमध्ये जी संघटना उभी राहिली ती पुढे एनबीए झाली. म्हणजे धाकटी वाटणारी ही लीग वयाने थोरली आहे. पहिल्या हंगामात सहा संघ होते. हेझलटन, विल्क्स-बॅरी, रेडिंग, लँकेस्टर आणि ॲलनटाउन हे पाच पेनसिल्व्हेनियातले. सहावा राज्याच्या सीमेपलीकडचा, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनचा. पुढे स्क्रँटन, सनबरी, विल्यम्सपोर्ट, ईस्टन, ट्रेंटन, कॅम्डन, विल्मिंग्टन अशी नावं येत-जात राहिली.

नकाशा समोर घेतला तर लीगचं अर्धं गणित उलगडतं. स्क्रँटन ते विल्क्स-बॅरी जेमतेम तीस किलोमीटर, तिथून हेझलटन चाळीसेक. खेळाडू मात्र बहुतेक फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कचे. ही दोन्ही महानगरं स्क्रँटनपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई-पुण्यापेक्षा थोडी लांब. शनिवारी दुपारी निघायचं, रात्री खेळायचं, परत यायचं किंवा रविवारच्या सामन्यासाठी पुढच्या गावी जायचं, आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं. एवढ्या अंतरातच हे शक्य होतं. 1957 मध्ये पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या मोठ्या रस्त्याचा ईशान्येकडचा फाटा स्क्रँटनपर्यंत पूर्ण झाला आणि फिलाडेल्फियाकडून वर जाणं सोपं झालं.

हा टापू अँथ्रासाइट कोळशाचा. वेल्श, आयरिश, पोलिश, स्लोव्हाक, इटालियन अशा स्थलांतरितांच्या पिढ्या इथल्या खाणींत उतरल्या. 1917 मध्ये इथून सुमारे दहा कोटी टन कोळसा निघाला. 1960 पर्यंत तो आकडा पाचव्या हिश्श्यापर्यंत घसरला होता. 22 जानेवारी 1959 रोजी पिट्सटनजवळच्या नॉक्स खाणीत सस्क्वेहाना नदी फुटून आत शिरली, बारा कामगार गेले, आणि त्या खोऱ्यातली खोल खाणकामाची पद्धत जवळपास संपली. लीगची भरभराटीची वर्षं नेमकी ही उतरणीची वर्षं आहेत. गावातली तरुण मुलं कामासाठी बाहेर पडत होती, दुकानं मिटत होती. एनबीएही त्याच काळात लहान शहरं सोडत होती. फोर्ट वेनचा संघ 1957 मध्ये डेट्रॉइटला गेला, रॉचेस्टरचा त्याच वर्षी सिनसिनाटीला, सिरॅक्यूजचा 1963 मध्ये फिलाडेल्फियाला. मोठा खेळ मोठ्या शहरांकडे सरकत असताना स्क्रँटन आणि हेझलटनला गावाच्या नावाचा संघ या लीगने राखून दिला. प्रादेशिक लीगचं पहिलं काम मी हे मानतो. खेळाडूंना वर पाठवणं त्यानंतर येतं.

आता पैशाकडे वळू. दूरचित्रवाणीचे हक्क वगैरे भानगड नव्हती. उत्पन्न तिकिटबारीचं, आणि जोडीला कार्यक्रमपत्रिकेतल्या स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती. सामने होत ते शाळांच्या जिममध्ये, लष्करी कवायतीच्या हॉलमध्ये, चर्चच्या युवक केंद्रात. ॲलनटाउनचा संघ कॅथलिक हायस्कूलच्या रॉकनी हॉलमध्ये खेळे, स्क्रँटनचा कॅथलिक युथ सेंटरमध्ये. खेळाडूंचा दर सामन्यामागे ठरलेला असे. पन्नास ते शंभर डॉलर हा नेहमीचा पल्ला. नाववाल्याला थोडे जास्त, नवख्याला कमी.

हिशेब कसा बसतो ते एका काल्पनिक सामन्यावर मांडून बघू. आकडे फक्त समजुतीसाठी धरले आहेत. तिकीट दीड डॉलर, प्रेक्षक 1,500. गल्ला झाला 2,250 डॉलर. दहा खेळाडूंना सरासरी 75 प्रमाणे 750 गेले. उरलेल्या 1,500 मधून हॉलचं भाडं, पंचांचं मानधन, छपाई, प्रवासखर्च, कर. मालकाच्या हाती थोडंफार उरतं. आता त्याच रात्री जोराचा बर्फ पडला आणि 500 च माणसं आली असं धरा. गल्ला 750, तो जसाच्या तसा खेळाडूंना जातो आणि बाकी सगळं मालकाच्या खिशातून. हिवाळ्यात खेळला जाणारा खेळ, बर्फाचा डोंगराळ मुलूख आणि प्रत्येक सामन्याच्या गल्ल्यावर अवलंबून असलेला मालक. संघ इतक्या वेळा बुडाले, विकले गेले, शेजारच्या गावी हलले, त्याचं कारण या साध्या वजाबाकीत आहे. मालकही बहुधा गावातलेच व्यापारी, व्यावसायिक. यातून कुणी गबर झाला नाही.

खेळाडूच्या बाजूने तोच हिशेब वेगळा दिसतो. 1959-60 मध्ये अमेरिकेतल्या सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा सरासरी वार्षिक पगार पाच हजार डॉलरच्या आसपास होता. हंगामात तीसेक सामने धरले आणि सामन्याला 75 डॉलर, तर सव्वादोन हजारांच्या आसपास जमतात. म्हणजे पगाराच्या जवळपास निम्मी भर, तीही फक्त सुट्टीचे दिवस देऊन. एनबीएतल्या साध्या खेळाडूचा पगार त्या काळी काही फार थोर नव्हता. बॉस्टन सेल्टिक्सचा टॉम हाइनसनसारखा नावाजलेला खेळाडूसुद्धा हंगामाबाहेर विमा विकत असे. त्यामुळे पक्की नोकरी अधिक ईस्टर्न लीग ही बेरीज अनेकांसाठी एनबीएच्या एका वर्षाच्या बेभरवशाच्या करारापेक्षा बरी ठरे.

याचं सर्वात ठसठशीत उदाहरण पॉल अरिझिन. 1952 आणि 1957 या दोन हंगामांत तो एनबीएत गुणांच्या सरासरीत पहिला होता. 1962 मध्ये वॉरियर्स संघ फिलाडेल्फिया सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तेव्हा सामन्यामागे वीसहून अधिक गुण करणारा हा माणूस निवृत्त झाला. त्याला घर सोडायचं नव्हतं. आयबीएममध्ये नोकरी धरली आणि फिलाडेल्फियाच्या समोर, नदीपलीकडे असलेल्या कॅम्डनच्या संघातून तो शनिवार-रविवार खेळू लागला. 1963 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पुढच्या वर्षी त्याच्या संघाने विजेतेपद मिळवलं. अरिझिनसाठी ईस्टर्न लीग ही घसरण नव्हती. घर, नोकरी आणि खेळ यांची त्याने स्वतः घातलेली सांगड होती.

सगळ्यांना अशी निवड करता आली नाही, आणि या लीगच्या दर्जाचं खरं कारण तिथेच आहे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात एनबीएत आठ संघ होते. प्रत्येकी दहा-बारा खेळाडू धरले तरी अख्ख्या देशात शंभराच्या आत जागा. विद्यापीठांतून दरवर्षी नवी फळी बाहेर पडत होती. त्यातही एनबीएचे संघ कृष्णवर्णीय खेळाडू किती घ्यायचे याचा अलिखित कोटा पाळत. एका संघात दोन, फार तर तीन-चार. आणि ज्यांना घेतलं जाई ते नक्की मैदानात उतरतील असे मोठे खेळाडू. राखीव बाकावरच्या जागा गोऱ्या खेळाडूंना जात. परिणाम असा की देशातल्या सर्वोत्तम शंभरांत बसणारे कितीतरी जण त्या शंभर जागांच्या बाहेर राहिले. ते जिथे गेले ती लीग साहजिकच जोरकस झाली.

ईस्टर्न लीगने हे दार पहिल्याच हंगामात उघडलं होतं. 1946-47 मध्ये हेझलटनच्या संघात बिल ब्राउन, झॅक क्लेटन आणि जॉन आयझॅक्स असे तिघे कृष्णवर्णीय खेळाडू होते. क्लेटन आणि आयझॅक्स न्यूयॉर्क रेनेसान्स या प्रसिद्ध कृष्णवर्णीय संघातून आलेले मुरब्बी. एनबीएत पहिले कृष्णवर्णीय खेळाडू उतरायला 1950 उजाडावं लागलं. (हाच झॅक क्लेटन पुढे मुष्टियुद्धाचा पंच झाला आणि 1974 मध्ये किन्शासा इथे महंमद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या लढतीत रिंगमध्ये उभा होता.) 1955-56 च्या हंगामात हेझलटनने सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले. मिश्र वर्णाच्या व्यावसायिक लीगमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं. एनबीएत तसा संघ 1964 च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनने उतरवला, नऊ हंगामांनंतर. कोळशाच्या खाणीचं एक छोटं शहर देशाच्या सर्वोच्च लीगपुढे नऊ वर्षं होतं. मालकांच्या मनात मोठं तत्त्व होतंच असं नाही. त्यांना जिंकायचं होतं आणि स्वस्तात सर्वोत्तम माणसं मिळत होती. पण त्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्या गावकऱ्यांनी पाहिलं ते पाहिलंच.

त्या पाचांत शर्मन व्हाइट आणि फ्लॉइड लेन ही दोन नावं होती, आणि त्यांच्यापाशी आपण या लीगच्या आणखी एका दाराशी येतो. 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या विद्यापीठ बास्केटबॉलमध्ये मोठं प्रकरण उघडकीला आलं. अमेरिकेत सट्टा फक्त कोण जिंकेल यावर लागत नाही, किती गुणांनी जिंकेल यावर लागतो. आठ गुणांनी जिंकेल असा अंदाज असलेला संघ मुद्दाम पाचच गुणांनी जिंकला, तर सामनाही हातचा जात नाही आणि सट्टेबाजाचं कामही होतं. विद्यार्थी खेळाडूंना पैसे देऊन हा फरक जुळवला जात होता. शर्मन व्हाइट त्या हंगामात देशातल्या सर्वाधिक गुण करणाऱ्यांपैकी एक होता. त्याला जवळपास नऊ महिने तुरुंगात काढावे लागले. फ्लॉइड लेन न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या त्या संघातला, ज्याने 1950 मध्ये एकाच वर्षी दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या होत्या. एनबीएने यात गुंतलेल्या सगळ्यांना कायमचं बंद केलं. केंटकी विद्यापीठाचा सात फुटी बिल स्पायव्ही सतत आरोप नाकारत राहिला. खोटी साक्ष दिल्याच्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही, बहुमत त्याच्या सुटकेच्या बाजूचं होतं, तरी एनबीएचं दार त्याला उघडलं नाही.

अशा तरुणांना ईस्टर्न लीगने खेळू दिलं. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी केलेल्या चुकीची शिक्षा आयुष्यभर चालावी का, हा प्रश्न लीगने तात्त्विक पातळीवर मांडला नाही. त्यांना जर्सी दिली आणि सामन्याचे पैसे दिले. फ्लॉइड लेन पुढे त्याच सिटी कॉलेजचा प्रशिक्षक झाला. मला या लीगच्या इतिहासातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. पण उलट उदाहरणही सांगायला हवं. जॅक मोलिनास एनबीएतला उगवता खेळाडू. स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावल्याबद्दल 1954 मध्ये त्याला काढून टाकलं. तोही ईस्टर्न लीगमध्ये खेळला, दरम्यान कायदा शिकून वकील झाला, आणि 1961 मध्ये विद्यापीठ बास्केटबॉलमध्ये पुन्हा जे सामनेनिश्चितीचं प्रकरण फुटलं त्याच्या केंद्रस्थानी तोच निघाला. दार सगळ्यांना उघडं ठेवलं की असेही आत येतात.

सामन्याची रात्र कशी असे? न्यूयॉर्कहून आणि फिलाडेल्फियाहून चार-पाच जण मिळून एका गाडीत निघत. सराव जवळजवळ नसेच. कितीदा संघातले सगळे एकमेकांना भेटत ते थेट सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत. त्यामुळे आखीव डावपेच कमी आणि हातातली कला जास्त. धावणं, पास, आणि वैयक्तिक कौशल्य यावर खेळ चाले, गुण भरपूर होत. मैदानं लहान, प्रेक्षक रेषेला खेटून बसलेले. खेळाडूंमध्ये चढाओढ मात्र कडवी. संघात नऊ-दहाच जागा, आणि बाहेर त्या जागेची वाट पाहणारे बरेच. दोन शनिवार वाईट गेले तर तिसऱ्या शनिवारी फोन येत नसे.

वर जाण्याची वाटही होती, अरुंद पण खरी. एनबीएचा तेव्हाचा नियम असा की, विद्यापीठ मधेच सोडलं तरी आपल्या वर्गाची पदवी होईपर्यंत खेळाडूला घेता येत नाही. रे स्कॉटने ओरेगनमधलं कॉलेज सोडलं आणि ती मधली वर्षं ॲलनटाउनमध्ये खेळून काढली. 1961 मध्ये डेट्रॉइटने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडलं. 1974 मध्ये एनबीएचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरलेला तो पहिला कृष्णवर्णीय. बॉब लव्हला 1965 मध्ये सिनसिनाटीने संघातून वगळलं, तो ट्रेंटनमध्ये आला, सामन्यामागे पंचवीसहून जास्त गुण करून लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, वर्षभरात एनबीएत परतला आणि शिकागो बुल्सचा आधारस्तंभ बनला. माइक रिऑर्डनला न्यूयॉर्क निक्सने शेवटच्या फेऱ्यांत कुठेतरी निवडलेलं. 1967-68 चा हंगाम ॲलनटाउनमध्ये घालवून तो निक्समध्ये गेला आणि 1970 च्या विजेत्या संघात होता. आणि पाच फूट आठ इंचांचा चार्ली क्रिस. स्क्रँटनमध्ये गुणांचे डोंगर रचत त्याने वाट पाहिली. 1977 मध्ये अटलांटा हॉक्सने बोलावलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. एवढ्या वयात एनबीएत नवखा म्हणून जाणं म्हणजे मधल्या वर्षांत कुठेतरी हात गरम ठेवलेला असला पाहिजे. ती जागा या लीगने दिली.

खेळाडूंपेक्षा कमी बोललं जातं ते पंच आणि प्रशिक्षकांबद्दल, पण त्यांची घडण अशाच लीगमध्ये होते. पंचाला पुस्तकातून नियम येतात. दोन हजार लोक अंगावर ओरडत असताना शिट्टी कधी वाजवायची हे सामने करूनच येतं. मेंडी रुडॉल्फ विल्क्स-बॅरीत वाढला. त्याचे वडील हॅरी रुडॉल्फ स्वतः पंच आणि पुढे अनेक वर्षं ईस्टर्न लीगचे अध्यक्ष. मेंडीने इथल्या सामन्यांत हात बसवला, 1953 मध्ये एनबीएत गेला आणि दोन हजार सामने करणारा तिथला पहिला पंच ठरला. प्रशिक्षकांची यादीही मोठी आहे. फिलाडेल्फियात शाळेत शिकवणारा जॉन चेनी सनबरी आणि विल्यम्सपोर्टकडून वर्षानुवर्षं खेळला. लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरूनही एनबीएने त्याला विचारलं नाही. पुढे 1982 ते 2006 तो टेम्पल विद्यापीठाचा प्रशिक्षक होता. जिम बोहाइम सिरॅक्यूज विद्यापीठात साहाय्यक म्हणून काम करता करता स्क्रँटनकडून खेळायला येई. नंतर त्याच विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षकपदावर तो 1976 पासून 2023 पर्यंत होता. दर शनिवारी सरावाशिवाय, नव्या सोबत्यांबरोबर, समोरच्याचा खेळ वाचून जिंकायचं, या सवयीने माणूस खेळाकडे प्रशिक्षकाच्या नजरेने बघायला लागत असावा असं मला वाटतं.

नियमांचंही तसंच. तीन गुणांची रेषा आज बास्केटबॉलचा कणा झाली आहे. अमेरिकन बास्केटबॉल लीग नावाच्या स्पर्धेने ती 1961 मध्ये आणली. ती स्पर्धा 1962 च्या शेवटच्या दिवशी बंद पडली आणि रेषाही तिच्याबरोबर पुसली जाणार होती. 1963-64 मध्ये ईस्टर्न लीगने ती उचलली. एनबीएला टक्कर द्यायला 1967 मध्ये निघालेल्या एबीएने पुढे ती देशभर लोकप्रिय केली, एनबीएने 1979 मध्ये स्वीकारली. मधल्या चार वर्षांत पेनसिल्व्हेनियातल्या शाळांच्या जिममध्ये लोक तीन गुणांचा फटका बघत होते. मोठ्या लीगला नियम बदलायची भीती असते, गमावण्यासारखं फार असतं. छोटी लीग दोन प्रेक्षक जास्त यावेत म्हणून बेधडक करून बघते.

आपल्याकडे याच्याशी तुलना करताना जरा थांबावं लागतं, कारण नोकरी आणि खेळाचं नातं आपल्याकडे उलटं बांधलेलं आहे. मुंबईच्या नागपाड्याने कितीतरी बास्केटबॉलपटू दिले. भारताचा कर्णधार झालेले आणि 1970 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतासिर तिथलेच. पण आपल्या चांगल्या खेळाडूचा मार्ग रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांच्या नोकरीकडे जातो. खेळामुळे नोकरी मिळते आणि संघही नोकरी देणाऱ्याचाच असतो. खेळाडूला यात मोठी सुरक्षितता आहे, ती कमी लेखायचं कारण नाही. मात्र गावाला यात काही मिळत नाही. रेल्वेचा संघ जिंकला तर तो कोणत्या पेठेचा, कोणत्या शहराचा विजय? पेनसिल्व्हेनियात नोकरी देणारा एक, संघ चालवणारा दुसरा, आणि संघाच्या छातीवर गावाचं नाव. आपल्याकडे 2015 ते 2017 या काळात यूबीए नावाची व्यावसायिक लीग झाली, त्यात पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स असे संघही होते. नावं शहरांची होती, पण दर शनिवारी घरच्या हॉलमध्ये सामना बघायला जायची सवय लागावी अशी घडण तिच्यात नव्हती, आणि ती टिकली नाही. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे ही शहरं एकमेकांपासून किती जवळ आहेत ते बघितलं, की ईस्टर्न लीगचा नकाशा माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा येतो.

आता ती मोडली कशी ते. तीन गोष्टींवर ती उभी होती. वरच्या जागा थोड्या, गावं जवळ, आणि खेळाडूंना आठवडाभराची नोकरी. पहिला आधार 1967 मध्ये हलला. एबीए अकरा संघ घेऊन सुरू झाली. एनबीएही वाढत होती आणि 1970 मध्ये तिचे संघ सतरा झाले. दहा वर्षांपूर्वी शंभराच्या आत असलेल्या जागा एकदम तिप्पट झाल्या. कोटाही विरघळत गेला. स्क्रँटन, ॲलनटाउनचे उत्तम खेळाडू पूर्ण वेळच्या पगारावर निघून गेले. लीग बंद पडली नाही, पण शनिवारी हॉलमध्ये येणाऱ्या माणसाला फरक कळत होता, आणि घरी दूरचित्रवाणीवर एनबीए दिसू लागली होती.

दुसरा आधार लीगने स्वतःच सोडला. 1977 मध्ये अलास्कातल्या अँकरेजचा संघ लीगमध्ये घेतला. विल्क्स-बॅरीपासून अँकरेज पाच हजारांहून जास्त किलोमीटर. गाडीत चार जण बसून तिथे जाता येत नाही, आणि सोमवारी शाळेत परतताही येत नाही. पुढच्याच वर्षी लीगने नाव बदललं: कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन, सीबीए. खंडभर पसरलेल्या लीगला पूर्ण वेळचे खेळाडू लागतात, म्हणजे तिसरा आधारही गेला. शिक्षक, कारकून, समाजसेवक असे खेळाडू मागे पडले. त्यांच्या जागी एनबीएच्या फोनची वाट बघणारी तरुण मुलं आली. सीबीएने चांगली कामं केली, ते नाकारता येणार नाही. फिल जॅक्सनने 1984 मध्ये ऑल्बनीच्या संघाला सीबीएचं विजेतेपद मिळवून दिलं ते एनबीएत प्रशिक्षक म्हणून नाव होण्याच्या कितीतरी आधी. पण ती वेगळ्या जातीची लीग होती. खर्च मोठा, गल्ला तेवढाच. 2001 च्या फेब्रुवारीत ती कोसळली, नंतर पुन्हा उभी राहिली आणि 2009 मध्ये कायमची थांबली.

2001 च्याच अखेरीस एनबीएने स्वतःची विकास लीग सुरू केली, जी आज जी लीग म्हणून ओळखली जाते. ईस्टर्न लीगच्या जुन्या शहरांपैकी विल्मिंग्टनला 1966 आणि 1967 अशी सलग दोन विजेतेपदं मिळाली होती. तिथे आज जी लीगचा डेलावेअर ब्लू कोट्स संघ खेळतो. त्याची मालकी फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सकडे आहे. खेळाडू पूर्ण वेळचे आहेत, सराव रोज होतो, वैद्यकीय देखभाल उत्तम आहे. संघ जिंकतो की हरतो यापेक्षा कोणता खेळाडू वरच्या संघासाठी तयार होतोय याला तिथे महत्त्व आहे, आणि हंगामाच्या ऐन भरात सर्वोत्तम खेळाडूला वर बोलावून घेतलं जातं, कारण व्यवस्थाच त्यासाठी उभारलेली आहे. बत्तीस वर्षांचा शाळामास्तर, ज्याला एनबीएत जायचंच नाही पण ज्याच्या हातात अजून शनिवारी वीस गुण आहेत, अशा माणसासाठी त्या व्यवस्थेत जागा नाही.